जमाखर्चाच्या वहीतलं गाणं

गवयांची चरित्रं आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. त्यांचे गुरू, त्यांनी सोसलेले हाल, त्यांच्या गाजलेल्या मैफली, सगळं आपल्याला वाचून माहीत असतं. त्याच मैफलीत समोर सतरंजीवर बसलेल्या माणसाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. तो दिवसभर नोकरी करून आलेला असतो. निघण्याआधी मुलांच्या शाळेची फी भरली गेली की नाही, हे त्याने बघितलेलं असतं. तिकिटाचे पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला काढलेले असतात. उत्तररात्री गाणं संपल्यावर तो चपला शोधतो, घरी येतो आणि सकाळी कामावर वेळेत हजर होतो. माझे वडील असे श्रोते होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. ते कधी गायले नाहीत, त्यांनी कुठलं वाद्य वाजवलं नाही, गाण्याविषयी चार ओळी छापून आणल्या नाहीत. तरी त्यांच्याविषयी लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपलं शास्त्रीय संगीत ज्या माणसांच्या जिवावर उभं राहिलं, त्यांतले ते एक होते. आणि घर व गाणं या दोन्हींना त्यांनी जन्मभर सारख्याच निष्ठेनं सांभाळलं.

आप्पा तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागले आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात गेली. त्यातली बरीच वर्षं मिरज तीन गेजचं स्टेशन होतं. पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. बेळगाव, धारवाड, हुबळीकडचा मार्ग त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेजच राहिला. कुर्डुवाडी-पंढरपूरकडे नॅरोगेजची छोटी गाडी जायची. त्यामुळे धारवाड-हुबळीकडून पुण्या-मुंबईला निघालेल्या माणसाला मिरजेत उतरून गाडी बदलावी लागे, आणि त्याच्या सामानालाही. आता तो मुलूख कुठला ते बघा. सवाई गंधर्व कुंदगोळचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू धारवाडचे, भीमसेन जोशी गदगचे. केवढं तरी गाणं त्या मातीतून उगवलं आणि मिरजेवरून पुण्या-मुंबईच्या मैफलींत पोचलं.

आप्पांनी फलाटावर कुणा गायकाशी ओळख वाढवली नाही. प्रवासात माणूस दमलेला असतो, त्याला निवांत चहा पिऊ द्यावा, असं ते म्हणत. त्यांचं लक्ष तंबोऱ्यांवर असे. एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत चढवताना भोपळा फुटण्याची भीती असते. पेंढा घालून पेटीत नीट बांधलेल्या तंबोऱ्यावरसुद्धा एखादा जड गठ्ठा पडला की तो गेलाच. म्हणून पार्सलमध्ये वाद्य आलं की आप्पा स्वतः उठून डब्यापर्यंत जात आणि सगळं सामान चढल्यावर, सगळ्यांत शेवटी, त्याला सुरक्षित जागा करून देत. हाताखालच्या हमालांनाही ती सवय लागली होती. भोपळा पेटीच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यांना उचलताक्षणी कळे. मिरजेत बनलेली वाद्यं याच ऑफिसातून देशभर जात, त्यामुळे हे रोजचंच काम होतं.

मिरजेत वाद्यं बनू लागली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, संस्थानाच्या आश्रयानं, सतार-तंबोऱ्याच्या कामाकडे वळले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कैरान्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुढे मिरजेलाच आपलं गाव मानलं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनाच्या फलाटावर गेले, तेव्हा त्यांना मिरजेला आणून ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आलं. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा भरते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात भरते. दोन्हीकडे गाणारा हजेरी लावायला म्हणून येतो आणि गावातलं कुणीही येऊन बसतं.

आप्पा मिरजेत आले तेव्हा त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. गावाकडे त्यांनी भजन ऐकलं होतं, जत्रेतला तमाशा ऐकला होता. कुणीतरी नेलं म्हणून ते उरुसाच्या सभेला गेले. शेजारी एक सितारमेकर बसले होते. तासभर झाला तरी गाणं पुढे सरकत नाही, असं आप्पांच्या तोंडून निघून गेलं. सितारमेकर म्हणाले, "साहेब, गाणाऱ्याचं राहू द्या. तुम्ही तंबोऱ्यावर कान ठेवा. बाकीचं येतं मागनं." आप्पांनी तसं केलं. किराना घराण्याची ती गायकी. तीत एकेक सूर सावकाश उघडत जातो. पहाटे घरी येताना आपल्याला काहीतरी मोठं गवसलं आहे एवढं त्यांना कळलं होतं. त्या सितारमेकरांना आम्ही पुढे चाचा म्हणू लागलो. आप्पांची आणि त्यांची दोस्ती चाचा असेपर्यंत टिकली.

आप्पांसारख्या माणसांचं मोल कळायला तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १९४८ साली पटवर्धनांची संस्थानं विलीन झाली, दुसऱ्या वर्षी कोल्हापूर विलीन झालं. दरबारानं गवयाला बांधून दिलेलं वेतन थांबलं. नाटक कंपन्यांचे वैभवाचे दिवस त्याआधीच सरले होते. मग गाण्याला पोसलं कुणी? काही भार आकाशवाणीनं उचलला. काही पुण्याच्या गायन समाजानं, कोल्हापूरच्या देवल क्लबानं आणि गावोगावच्या संगीत मंडळांनी. या मंडळांचे सभासद कोण, तर शाळामास्तर, कारकून, डॉक्टर, वकील, पोस्टातले आणि रेल्वेतले लोक. राजाच्या जागी महिन्याच्या पगारावर घर चालवणारा माणूस आला. त्यानं वर्गणी भरली, सतरंज्या घातल्या, गवयाला स्टेशनवरून घरी आणून जेवू घातलं आणि रात्रभर बसून ऐकलं. या माणसानं आपली जागा सोडली असती, तर पुढच्या पन्नास वर्षांचं गाणं झालंच नसतं.

आप्पा ही जागा कशी सांभाळत होते ते मला त्यांच्या वह्यांवरून कळलं. ते गेल्यावर लाकडी कपाटाच्या तळाशी जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. प्रत्येक वर्षाची एक. पुढून घरखर्च लिहिलेला. किराणा, दूध, भाडं, फी, औषधं, गावी मनिऑर्डर असे रकाने, आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना: गाणं. त्यात रेडिओचं लायसन, त्याचा जळलेला व्हॉल्व्ह, एखादी रेकॉर्ड, मंडळाची वर्गणी, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट. हा रकाना दुधाच्या रकान्यापुढे कधी गेला नाही. धाकट्या काकांचं इंजिनिअरिंग चालू होतं त्या वर्षांत तो जेमतेम भरला आहे. आत्याच्या लग्नाच्या वर्षी संपूर्ण कोरा आहे. त्याच वहीत आत्याच्या लग्नातल्या सनईवाल्यांचे पैसे मात्र 'लग्न' या खात्यात व्यवस्थित टिपलेले आहेत, आणि पुढे लिहिलं आहे: चांगले वाजवले.

वही उलटी करून मागून उघडली की गाणं सुरू होतं. तारीख, ठिकाण, गायक, राग, तबल्याला कोण, पेटीला कोण. बरोबर घरातलं कोण होतं तेही. त्यांच्या नोंदींत विशेषणं जवळजवळ नाहीत. 'मारवा. सव्वा तास. घाई नाही.' इतकं लिहिलं असेल तर ते त्यांचं सर्वांत मोठं कौतुक समजावं. पण मला थांबायला लावलं ते त्यांनी न ऐकलेल्या मैफलींच्या नोंदींनी. त्याही त्यांनी तितक्याच काळजीनं लिहिल्या आहेत. 'उरूस, दुसरी रात्र. धाकटीला गोवर. गेलो नाही.' 'पुणे, सवाई. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. रजा तिकडे लागली.' 'नवरात्र. गावाकडून वहिनी प्रथमच आल्या. गेलो नाही.' खाली एक दोन दिवसांनी वेगळ्या शाईत भर घातलेली दिसते: 'चाचांकडून कळले. आधी पूरिया, मग ठुमरी. तंबोरे उत्तम लागले होते.'

या नोंदींत कुठेही हळहळ नाही. आपण काही सोडलं, कुणासाठी त्याग केला, असा सूर नाही. मूल तापानं फणफणलं असताना बापानं घरी असायचं असतं, तेवढंच. आपल्याकडे रसिकतेच्या कथा सांगताना उधळपट्टीचं फार कौतुक होतं. बालगंधर्वांच्या नाटकापायी कर्जबाजारी झालेल्यांच्या, दागिने गहाण ठेवून तिकीट काढणाऱ्यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. त्या घरांतल्या बायकामुलांनी ती वर्षं कशी काढली, हे त्या गोष्टींत येत नाही. आप्पांना अशा कथा आवडत नसत. "घरच्यांना उपाशी ठेवून ऐकलेलं गाणं अंगी लागत नाही," असं ते म्हणत. मला आज वाटतं, त्यांनी जे थोडं ऐकलं ते इतकं खोल गेलं, कारण प्रत्येक मैफलीला जाण्याआधी घरातलं सगळं जागच्या जागी आहे याची त्यांना खात्री असे. मन मागे ओढणारं काही नसे. अशा मोकळ्या मनानं ऐकणारा श्रोता समोर असला तर गाणाऱ्यालाही ते कळत असणार.

घरात त्यांचं ऐकणं कसं होतं ते सांगायला हवं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोनच खोल्या. आजी, आई-आप्पा, आम्ही भावंडं, आणि शिकायला राहिलेला एखादा चुलतभाऊ. आकाशवाणीवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला होता. शनिवारी रात्री साडेनऊला तो लागायचा तेव्हा आमची अंथरुणं पडलेली असत. आप्पा दिवा मालवत, रेडिओचा आवाज अगदी लहान करत आणि त्याच्या जाळीच्या कापडाला जवळजवळ कान लावून बसत. कुणाची झोप मोडू नये म्हणून सुरू झालेली ही पद्धत, पण पुढे घर मोठं झालं तरी त्यांनी ती बदलली नाही. आवाज बारीक ठेवला की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, कुठे थांबला ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही मुलं त्या बारीक आवाजाच्या आलापीवर झोपी गेलो. मालकंसाचं नाव मी पुष्कळ नंतर शिकले, त्याची ओळख मात्र मला त्या अंधारातच झाली होती.

मी गाणं शिकायला लागले तेव्हा आप्पांनी चाचांकडे तंबोरा करायला टाकला. तयार तंबोरा विकत घेता आला असता. पण त्यांना तो होताना बघायचा होता. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या मळ्यांतून येतात, महिनोन्‌महिने वाळवले जातात. दर रविवारी आप्पा मला घेऊन सितारमेकर गल्लीत जात. भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतून कामट्यांचा ताण देऊन त्याला गोलाई आणतात. मग तुणीच्या लाकडाची दांडी, वरची तबली, खुंट्या, नक्षी, पॉलिश. हे सारं झाल्यावर घोडीवर कानस चालू होते, जवारी काढायची असते. घोडीचा पृष्ठभाग केसाच्या फरकानं उतरता करायचा, तार लावून बघायची, पुन्हा घासायची. नंतर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत नेला की एका ठिकाणी एकदम तार खुलते. चाचांनी आमच्या तंबोऱ्यावर तो दोरा सरकवला तेव्हा आप्पांनी माझा खांदा घट्ट धरला होता. वहीत त्या वर्षी महिन्याच्या महिन्याला नोंद आहे: 'तंबोरा, हप्ता.' त्या वर्षी त्यांनी नवा कोट शिवला नाही आणि पुण्यालाही गेले नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते ऐकायला चाचा आणि आप्पा दोघेही हवे होते.

मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या, काही वर्षं मन लावून शिकले, मग लग्न, नोकरी, पुणं. गाणं व्यवसाय म्हणून झालं नाही. आप्पांनी त्याचं दुःख मानलं नाही. "गाणारे देव देईल तितके होतील. नीट ऐकणारी माणसं घरातच घडवावी लागतात," हे त्यांचं उत्तर. माझ्या भावाला गाण्यात गोडी नव्हती, त्याला क्रिकेट प्रिय. आप्पा त्याच्याबरोबर कसोटी सामन्याची कॉमेंटरी पाचही दिवस ऐकत, आणि त्याच्यावर गाणं कधी लादत नसत. आज तोच भाऊ गाण्याच्या मैफलींना जातो. मला वाटतं, त्याच्या आवडीला आप्पांनी जो मान दिला, त्यातून त्याला त्यांच्या आवडीविषयी मान वाटू लागला.

डिसेंबर आला की घरात पुण्याचा विषय निघे. गुरू सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मृतीसाठी पुण्यात महोत्सव सुरू केला. त्या काळी तो रात्र रात्र चाले. रेल्वेच्या नोकरांना वर्षाला ठरावीक पास मिळत. आप्पांचा एक पास आजीच्या पंढरपूरसाठी किंवा नात्यातल्या लग्नासाठी राखलेला असे, आणि जमलं तर एक पुण्यासाठी. ते एकटे कधी गेले नाहीत. आळीपाळीनं आमच्यातल्या एकाला नेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन घोंगड्या, थर्मास. मंडपात ते कडेला, पण तंबोरे स्पष्ट ऐकू येतील अशी जागा धरत. राग चालू असताना उठायचं नाही, मोठ्यानं दाद द्यायची नाही, फर्माईश तर नाहीच. मूल पेंगुळलं तर घोंगडीवर निजवायचं आणि पहाटेच्या गाण्याला हलकेच उठवायचं. रामकली, ललत, भटियार हे राग त्यांच्या वेळेला, डिसेंबरच्या गारठ्यात, पूर्वेकडे उजाडत असताना मी ऐकले ते आप्पांमुळे. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई, आणि सगळा मंडप उभा राहून ती ऐके. आप्पा तेव्हा हात जोडून उभे असत. दर्ग्यातले खाँसाहेब, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन, आणि समोर मिरजेच्या पार्सल ऑफिसातले आप्पा: ही साखळी त्यांच्या मनात अगदी सरळ होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्रभराच्या मैफली बंद होत गेल्या. आप्पांनी कुरकुर केली नाही. रुग्णांना आणि लेकरांना झोप हवी, असं म्हणाले. पण पहाटेचे राग पहाटे ऐकायला आता लोकांनी आपल्या घरांत तरी जमावं, असंही म्हणाले.

आईला ख्यालाची फार ओढ नव्हती. तिची आवड माणिक वर्मांची भावगीतं, जुनी नाट्यपदं आणि गीतरामायण. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी गीतरामायणाची ५६ गीतं झाली, तेव्हा आई माहेरी होती. शेजारच्या घरी रेडिओपुढे हार घातलेला असे, उदबत्ती लावलेली असे, ते ती आम्हाला सांगायची. आप्पांनी तिच्या आवडीला कधी दुय्यम लेखलं नाही. माणिकबाई हिराबाईंच्या शिष्या, तेव्हा तू ऐकतेस ते आपल्याच मिरजेचं गाणं आहे, असं तिला सांगत. कॅसेटचे दिवस आल्यावर त्यांनी तिच्यासाठी वेगळा कप्पा केला आणि प्रत्येक कॅसेटवर आपल्या सुवाच्य अक्षरात नावं लिहून लावली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आईला कंपवातानं घेरलं. तेव्हापासून आप्पांचा दिवस तिच्याभोवती फिरू लागला. पहाटे तिला उठवणं, औषधांच्या वेळा, वेणी घालणं, भाकरी थापणं, सगळं ते साठी ओलांडल्यावर शिकले. तिच्या हालचाली मंद झाल्या होत्या. खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जायला बराच वेळ लागे. आप्पा तिचा हात धरून उभे राहत, तिला ओढत नसत, 'चल चल' म्हणत नसत. तिचं पाऊल पडेपर्यंत थांबत. दुसऱ्याची लय ओळखून तिच्याबरोबर राहायचं, हे विलंबित ख्याल ऐकता ऐकता त्यांच्या अंगात मुरलं होतं, अशी माझी खात्री आहे. त्या वर्षांत वहीतला शेवटचा रकाना पुन्हा रिकामा दिसतो. संध्याकाळी घरात लागायचं ते फक्त आईच्या कप्प्यातलं गाणं. त्यांच्या बैठका बंद झाल्या, पण त्याविषयी बोलायची त्यांना गरज वाटली नाही. कुणी विचारलंच तर "घरी रोज गाणं आहे की," म्हणत.

२४ जानेवारी २०११ या तारखेच्या पानावर वहीत दोन ओळी आहेत. 'पं. भीमसेन जोशी गेले.' त्याखाली: 'हिच्या गोळ्या आणल्या,' आणि पुढे रक्कम. मी ते पान पुष्कळदा वाचलं आहे. ज्यांच्या स्वरांवर त्यांनी आयुष्यभर प्रेम केलं ते त्या सकाळी गेले होते, आणि ते छत्री-पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दोन्ही गोष्टी एकाच अक्षरात, एकाच शाईत लिहिल्या आहेत. माझ्या वडिलांचा स्वभाव याहून नेमका मला सांगता येणार नाही.

आई गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, २०१४ साली, आप्पा गेले. त्यांचं वय ब्याऐंशी. तेराव्याला आम्ही घरात बैठक ठेवली. त्यांनी करवून घेतलेला तंबोरा लावला आणि माझ्या जुन्या गुरुभगिनीनं पूरिया धनाश्री गायला. ऐकायला कोण आलं होतं? पार्सल ऑफिसातले म्हातारे झालेले हमाल, चाचांची मुलं आणि नातवंडं, आईला तपासणारे डॉक्टर, दूधवाला, क्वार्टरमधले शेजारी, ज्यांची शिक्षणं आप्पांनी केली ते काका. यांतल्या निम्म्यांना गाणं कळत नसेल. पण गाणं संपेपर्यंत कुणी उठलं नाही. एक हमाल निघताना मला म्हणाले, "ताई, साहेबांनी आमास्नी तंबोरा उचलायला शिकवलं. अजून कुणाचं बी वाद्य दिसलं की हात आपसूक सावध हुतोय." मला वाटतं, कुठल्याही सन्मानपत्रात याहून मोठं काही लिहिता आलं नसतं.

तंबोरा आता मिरजेतल्या एका संगीत वर्गाकडे आहे, कारण वाद्य वाजतं राहायला हवं. वह्या माझ्याजवळ आहेत. कॅसेटींवरची नावं, तारखा, राग, साथीदार मी एका यादीत उतरवून काढले आहेत आणि त्यांतलं जितकं वाचलं तितकं संगणकावर घेतलं आहे. काही फिती मात्र बुरशीनं गेल्या. वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. तुमच्याही घरात असा एखादा ऐकणारा असेल. आजोबा असतील, मावशी असेल, शेजारचे निवृत्त मास्तर असतील. त्यांच्याकडच्या फिती, वह्या, कार्यक्रमपत्रिका रद्दीत जाऊ देऊ नका. कुठल्या वर्षी, कुठे, कुणाचं काय ऐकलं, घरातून कसे गेलात, कुणाला बरोबर नेलंत, हे त्यांना आत्ताच विचारा आणि लिहून ठेवा. त्यांचं चालणं होत असेल तर त्यांना मैफलीला घेऊन जा, शेजारी बसा आणि राग पुरा होईपर्यंत उठू नका. गाणाऱ्यांच्या नोंदी ठेवायला संस्था आहेत. ऐकणाऱ्यांच्या नोंदी घरच्यांनीच ठेवायच्या आहेत.